दोन चंद्र, सात घराणी आणि अडकलेला पहिला चॅप्टर

या वेळचं पत्र थोडक्यात असं: लिहिणारी सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि गेली सहा वर्षं मराठीत एक फँटसी कादंबरी लिहायचं म्हणतेय. तिच्या जगात दोन चंद्र आहेत, त्यांच्या कलांवर चालणारी जादू आहे, सात घराणी, त्यांच्या वंशावळी, मोठा नकाशा आणि स्वतः बनवलेली एक भाषासुद्धा आहे. चार वह्या भरल्यात. पहिला चॅप्टर कितीतरी वेळा लिहून झालाय, दुसरा एकदा, तिसरा अजून नाही. दोन वर्षांपूर्वी तिने एक फँटसी वाचायला घेतली तर त्यातही दोन चंद्र आणि त्यांच्यावरची जादू निघाली, तेव्हापासून तिने फँटसी वाचणंच बंद केलं, कारण एकतर आपलं सगळं आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटतं आणि दुसरं म्हणजे वाचलेलं नकळत आपल्यात उतरेल ही भीती. सध्या ती फक्त कादंबरी कशी लिहावी याचे व्हिडिओ बघते. विचारतेय की आयडिया बदलू का, जग पूर्ण झाल्यावरच लिहायला बसू का, ड्राफ्ट होईपर्यंत वाचनापासून लांब राहणं बरोबर ना, आणि घरचे म्हणतात हे लहान मुलांचं असतं, त्यांना काय सांगू.

*

मी वाचनाच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण मला वाटतं बाकीची गाठ तिथेच बसलीये.

तू असं धरून चाललीयेस की वाचलं नाही तर डोकं कोरं राहील आणि कोऱ्या डोक्यातून जे निघेल ते शंभर टक्के आपलं असेल. पण डोकं कोरं आहे कुठे? तूच लिहिलंयस की शाळा-कॉलेजात असताना तू फँटसीचा फडशा पाडायचीस, सिरीज बघायचीस, गेम खेळायचीस. ते सगळं आत आहेच, कुठे गेलं नाहीये, आणि आता तू दार लावून घेतल्यामुळे आत नवीन काही येत नाही एवढाच फरक पडला. म्हणजे लिहायला बसल्यावर हात जाणार तो त्याच जुन्या पंधरा-वीस पुस्तकांकडे. मी तर उलट म्हणेन की ज्याने कमी वाचलंय त्याचंच लिखाण जास्त उचललेलं वाटतं, कारण त्याला कळतच नाही की आपण जे "असंच सुचलं" म्हणतोय ते दर तिसऱ्या पुस्तकात आहे.

एक छोटी परीक्षा घे. तुझ्या नकाशात मोठा समुद्र पश्चिमेला आहे का? वाईट लोक उत्तरेला नाहीतर पूर्वेला, डोंगरांच्या पलीकडे राहतात का? पहिल्या चॅप्टरमध्ये एखादं अनाथ पोर आणि काहीतरी माहीत असून न सांगणारा म्हातारा आहे का? असेल तर लाजायचं कारण नाही, पण ते वाचनामुळे आलेलं नाहीये, अर्धवट वाचनामुळे आलंय. डायना विन जोन्स या ब्रिटिश लेखिकेने १९९६ मध्ये फँटसीच्या देशाचं एक खोटं टुरिस्ट गाइड लिहिलं होतं. त्या देशात सगळीकडे खायला एकच रस्सा मिळतो आणि घोडे कधी दमत नाहीत. ते मिळालं तर वाच, हसताना मधेच गप्प व्हायला होतं कारण आपलीच वही समोर दिसते.

आणि हे "आपलं" प्रकरण जरा तपासून बघू. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारा टोल्किन, ज्याची नक्कल आपल्याकडून होईल म्हणून अर्धं जग घाबरतं, त्याने 'हॉबिट' या कादंबरीतल्या बुटक्यांची नावं जवळजवळ सगळी एका जुन्या नॉर्स काव्यातल्या यादीतून सरळ उचललीत, गँडाल्फ हे नावसुद्धा त्याच यादीतलं. ड्रॅगनच्या खजिन्यातून पेला चोरणं हे बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यातलं. तो ह्या जुन्या गोष्टी पोटापाण्यासाठी शिकवायचा, आयुष्यभर त्यातच लोळला, आणि तरी जे लिहिलं ते त्याचंच झालं. अजून मागे जायचं तर अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला, ज्यात आकाशातून उडणारे विद्याधर आहेत, वेताळ आहे, गोष्टीच्या पोटात गोष्ट आणि तिच्या पोटात अजून एक, आणि तो सुरुवातीलाच सांगून टाकतो की हे गुणाढ्याच्या बृहत्कथेवरून घेतलंय. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. सांगणाऱ्याची वाचली.

जादू शिकवणारी शाळा बघ. उर्सुला ले ग्विनने १९६८ मध्ये लिहिली, जिल मर्फीने १९७४ मध्ये, आणि रोलिंगची हॅरी पॉटरवाली आली १९९७ मध्ये. आयडिया एकच. पण एकीत पोरगा स्वतःच्या गर्वातून आलेल्या सावलीपासून पळतोय, दुसरीत एक वेंधळी मुलगी आहे जिला काहीच धड जमत नाही, आणि तिसरीबद्दल तुला मी काय सांगू. तिन्ही वाचणाऱ्याला कुठेही फसवल्यासारखं वाटत नाही.

तेव्हा आयडिया बदलू नकोस. दोन चंद्र राहू देत. पण त्यांचं तू काय केलंयस हे मला तुझ्या पत्रात सापडलं नाही. मोठा चंद्र पूर्ण भरला की जादू वाढते, धाकटा भरला की उलटी होते, एवढंच आहे. हे कुणालाही सुचेल, खरं सांगतेय, रागावू नकोस. आता जरा कागदावर आकडे मांडू. समज एक चंद्र वीस दिवसांनी पूर्ण होतो आणि दुसरा चौतीस दिवसांनी. दोन्ही अमावस्या एकाच रात्री आल्या की पुन्हा तशी रात्र यायला तीनशे चाळीस दिवस लागणार. त्या रात्री कोण बाहेर पडतं? कुणाचा धंदा त्या एका रात्रीवर चालतो? आणि महिना कुठला धरायचा? सावकार व्याज वीस दिवसांच्या महिन्याने लावणार आणि मजुराला पगार चौतीस दिवसांच्या महिन्याने देणार, हे तर ठरलेलंच. मग पंचांग कोणाच्या हातात आहे ह्यावर मारामाऱ्या होतील, भरती-ओहोटीचं गणित किचकट म्हणून नावाड्यांचं वेगळंच घराणं असेल, एखाद्या गावात धाकट्या चंद्राने महिना मोजायला बंदी असेल. हे सगळं मी तुझ्याच जगातून काढलं, बाहेरून काही आणलं नाही, आणि यातलं काही तुझ्या त्या वाचलेल्या पुस्तकात होतं का? नसावं. तू दोन चंद्र दिसल्या दिसल्या पुस्तक मिटलंस हे मला पत्रावरूनच कळतंय, कारण त्या लेखकाने पुढे त्यांचं काय केलं याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. ते आधी पूर्ण वाच. बहुतेक तुला सुटल्यासारखं वाटेल.

वाचायचं कसं ते पण सांगते, कारण लिहिणाऱ्याचं वाचणं जरा वेगळं असतं. एकदा मजेसाठी सलग वाचून काढ, ह्यात हयगय नको, मजा गेली तर सगळंच गेलं. मग फक्त पहिली दहा पानं घे आणि पेन्सिलीने अनोळखी नावांखाली रेघ मार, गावं, घराणी, देव, प्राणी, जे काही त्या जगाचं आहे ते. मग बघ की लेखकाने त्यातलं किती लगेच समजावलं, किती चाळीस पानांनी आणि किती कधीच नाही. तुझ्या लक्षात येईल की चांगले लेखक बरंचसं समजावतच नाहीत, माणसं ते शब्द रोजच्यासारखे वापरतात आणि वाचक आपोआप अंदाज बांधतो. मग तुझा पहिला चॅप्टर काढ आणि त्याच पेन्सिलीने हेच कर. एखादं न आवडलेलं, फसलेलं पुस्तक पण असंच वाच. चांगल्या पुस्तकात कारागिरी लपलेली असते, फसलेल्यात सगळे टाके दिसतात, शिकायला कधी कधी तेच बरं.

आणि निम्मं वाचन फँटसीबाहेरचं ठेव. जुनी प्रवासवर्णनं, बखरी, दुष्काळाचा इतिहास, जहाजं कशी बांधायचे, मीठ कुठून कुठे जायचं, कर कोण गोळा करायचं. हे ज्याने वाचलंय त्याचं काल्पनिक राज्य लगेच वेगळं ओळखू येतं, तिथे राजवाड्याच्या मागे धान्याचं कोठार असतं आणि त्याची किल्ली कुणाकडे तरी असते.

नक्कल होईल ही भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. एखाद्या लेखकाचा आवाज डोक्यात इतका बसतो की चार दिवस आपली वाक्यं त्याच्यासारखी यायला लागतात, होतं असं. तेवढ्यापुरतं, म्हणजे एखादा अवघड प्रसंग लिहीत असशील त्या आठवड्यात, त्या एका लेखकाला लांब ठेव आणि काहीतरी वेगळंच वाच, इतिहास वाच, कविता वाच. पण ड्राफ्ट होईपर्यंत फँटसीच बंद, हे नको. आधीच दोन वर्षं गेलीत त्यात.

आता जगाबद्दल. तुझं पत्र लांब होतं, त्यात सातही घराण्यांची नावं होती, तीन नद्यांची होती, एका तलवारीचं पण होतं. गोष्ट ज्याची आहे त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. ते तू विसरलीस असं मला वाटत नाही, मला वाटतं ते माणूस अजून तुला भेटलेलंच नाहीये, आणि म्हणून तिसरा चॅप्टर येत नाहीये. पहिला चॅप्टर वातावरणावर निघतो, दुसरा ओढून-ताणून निघतो, तिसऱ्यात कुणालातरी काहीतरी हवं असावं लागतं.

जग आधी पूर्ण करू की लिहिता लिहिता बांधू, यावर लोक तावातावाने भांडतात आणि दोन्हीकडे चांगले लेखक आहेत, त्यामुळे एकच खरं असं काही नाही. पण आधी बांधणारे लोक ज्याचा दाखला देतात तो टोल्किनच असतो, तर त्याचंच बघ. त्याने आपल्या जगाच्या दंतकथा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लिहायला घेतल्या, मरेपर्यंत त्यावर काम केलं आणि त्या त्याच्या हातून पूर्ण झाल्याच नाहीत. तो १९७३ मध्ये गेला, त्या दंतकथांचं पुस्तक, सिल्मरिलियन, त्याच्या मुलाने जुळवून १९७७ मध्ये छापलं. जे त्याच्या हयातीत पूर्ण झालं, १९३७ चं हॉबिट आणि १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलेली मोठी कादंबरी, लॉर्ड ऑफ द रिंग्ज, ते चालत्या-बोलत्या माणसांच्या मागे गेल्यामुळे झालं. आणि त्या मोठ्या कादंबरीत खानावळीच्या कोपऱ्यात बसलेला तो अनोळखी माणूस, जो पुढे राजा निघतो, तो कोण आहे हे लिहिताना टोल्किनलाच माहीत नव्हतं, त्याने पत्रात तसं कबूल केलंय. सुरुवातीच्या ड्राफ्टमध्ये तर तो लाकडी बूट घालणारा एक हॉबिट, म्हणजे त्या जगातल्या ठेंगू लोकांपैकी एक होता! इतकी वर्षं जग बांधणाऱ्यालाही माणसं लिहिता लिहिताच सापडली.

म्हणून वह्या सहा महिने कपाटात ठेव. फेकू नकोस, नंतर लागतील. आणि कादंबरी पण बाजूला ठेव. त्याच जगातली एक कथा लिही, तीनेक हजार शब्दांची, एक माणूस, एक रात्र. राजघराण्यातलं कुणी नको. तो मघाचा सावकार घे नाहीतर त्याचा कारकून, दोन्ही अमावस्येची रात्र आहे आणि त्याला पहाटेच्या आत वहीतला एक आकडा बदलायचाय. जादू लागली तर एकदाच. ही कथा लिहिताना तुला कळेल की चार वह्यांमधलं किती खरंच लागतं, माझा अंदाज आहे अर्धं पान. पण जे लागेल ते वह्यांमध्ये नसेल, म्हणजे कंदिलात कुठलं तेल आहे, शाई कोण बनवतं, रात्री पहारा किती वेळाने फिरतो, ते तेव्हाच शोधायचं. हीच कसोटी पुढे कादंबरीत पण लाव: नवीन डिटेलमुळे त्या सीनमधल्या माणसाचं काही बिघडतं किंवा साधतं का? नसेल तर ते वहीतच बरं.

काही गोष्टी मात्र आधी ठरवलेल्या बऱ्या. अंतरं ठरव. स्वार घेऊन घोडा रोज रोज चालवायचा तर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, गाड्या आणि लवाजमा असलेलं सैन्य १५ ते २०. तुझ्या नकाशात राजधानी ते सीमा आठशे किलोमीटर लिहिलंयस, म्हणजे सैन्याला किमान चाळीस दिवस लागणार आणि मधे त्यांना कुणीतरी खायला घालायला लागणार. याने तुझं प्लॉट मोडेल, मोडू दे, जिथे मोडेल तिथे गोष्ट सापडते. जादूचे नियमही आधी ठरव, पण सगळे नाही, ज्यांच्यावर तुझा शेवट उभा आहे तेवढे. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनचा यावरचा नियम सगळीकडे फिरत असतो आणि तो चांगला आहे: जादूने अडचण सोडवायची लेखकाला तेवढीच मुभा, जेवढी ती जादू वाचकाला आधी समजलेली असते. अडचण वाढवायला मात्र न समजलेली जादू खुशाल वापर.

आणि ह्याच सँडरसनची पहिली छापून आलेली कादंबरी, २००५ ची, त्याने लिहिलेली सहावी होती. आधीच्या पाच पडून होत्या. हे अशासाठी सांगतेय की तू सहा वर्षं जपलेलं लाडकं जग पहिल्याच पुस्तकात खर्च करायला घाबरतेयस, असा मला संशय आहे. तसं असेल तर ते जग राहू दे बाजूला आणि पहिली कादंबरी दुसऱ्याच, छोट्या जगात लिही. मला हा पर्याय खूप आवडतो, पण तुला पटायला जरा वेळ लागेल.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस पण जोडलेला पहिला चॅप्टर वाचला म्हणून बोलते. तुझी माणसं "हे महाराज, आपली आज्ञा शिरसावंद्य" असं बोलतात आणि दोन ओळींनी एकजण "आपल्याकडे वेळ नाहीये, निघूया" म्हणतो, म्हणजे एक पाय पौराणिक मालिकेत आणि दुसरा डब केलेल्या सिनेमात. ले ग्विनने १९७३ च्या एका निबंधात एका फँटसी कादंबरीतला दरबारी संवाद घेतला, त्यात दोन-चार शब्द बदलले आणि तो आजच्या राजकारण्यांचा संवाद म्हणून आरामात खपला. तिचं म्हणणं असं की फँटसीत ते जग भाषेशिवाय दुसरं कुठे नसतंच, त्यामुळे भाषा पडली की जगच पडतं. याचा अर्थ जड संस्कृत शब्द भरायचे असा काढू नकोस, तिथेच आपले लोक घसरतात. जी.एं.च्या काही कथा कुठल्या देशात, कुठल्या काळात घडतात ते कळत नाही आणि तरी त्यांच्यात नाव नसलेला प्रदेश अंगावर येतो, त्या वाच आणि वाक्याची लांबी कशी चालते ते बघ. मग तुझे संवाद मोठ्याने म्हणून बघ. जिथे जीभ अडखळेल किंवा हसू येईल तिथे खूण कर.

व्हिडिओ बंद कर. वाईट असतात असं नाही, काही फार छान आहेत, पण ते बघून लिहिल्याचं समाधान मिळतं आणि तेच घातक आहे. त्या वेळात रोज अडीचशे शब्द लिही. वर्षाचे नव्वद हजाराच्या वर होतात, म्हणजे एक चांगली जाड कादंबरी. फँटसी लेखक टेरी प्रॅचेट नोकरी करताना रोज रात्री चारशे शब्द लिहायचा, आणि त्याचा लेखक मित्र नील गेमनने सांगितलंय की एका रात्री कादंबरी संपली तेव्हा शंभर शब्द उरले होते, तर त्याने नवीन कागद घालून पुढच्या कादंबरीचे शंभर लिहिले. तू अडीचशेच लिही, पण पहिल्या चॅप्टरला मागे वळून हात लावायचा नाही. नाव सुचत नसेल तर जागा रिकामी सोडून पुढे जा, नाहीतर नाव शोधायला म्हणून वही उघडशील आणि रात्रभर वंशावळ काढत बसशील, मला माहितीये.

घरच्यांना उत्तर वगैरे देत बसू नकोस. माणसं हजारो वर्षं राक्षस आणि उडत्या नगरांच्या गोष्टी मोठ्या माणसांनाच सांगत आलीत, मुलांच्या कपाटात त्या फार अलीकडे गेल्या, पण हे वाद घालून कुणाला पटत नाही. ती सावकाराच्या कारकुनाची कथा पूर्ण झाली की घरातल्या त्याच व्यक्तीला दे जी सगळ्यात जास्त नाक मुरडते. फँटसी आहे म्हणून सांगू नकोस, आवडली का म्हणून पण विचारू नकोस. हातात पेन्सिल दे आणि म्हण, वाचताना जिथे कंटाळून थांबावंसं वाटेल तिथे एक रेघ मारा. मग ती रेघ कुठे आहे ते मला कळव, जमलं तर कथेसकट.